दुपारी एकचं दूध

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ले. पण कोणी म्हटलं, "साहेब, एखादी केस सांगा की," तर मला आधी आठवते ती पत्र्याची एक खोली, तिथला आंबूस दुधाचा वास आणि संगणकाच्या पडद्यावरची आकड्यांची एक लांबलचक ओळ. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीचशी माणसं हयात आहेत आणि त्यांनी पुरेसं सोसलेलं आहे.

त्या वेळी मी बीड जिल्ह्यात, शिरूर कासारच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च संपता संपता परतली, तेव्हा विहिरींच्या तळाला वाळलेला गाळ दिसत होता. ठाण्याचं कामही बदलून गेलं होतं. चोऱ्यामाऱ्या कमी आणि टँकरवरची भांडणं जास्त. 'पाणी भरण्याच्या कारणावरून' हे शब्द आमच्या रायटर हवालदाराने इतक्या वेळा लिहिले की मी त्याला म्हणायचो, "अहो, याचा एक रबरी शिक्काच करून घ्या."

तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेने माळावर चारा छावणी उघडली होती. लांबलचक दावणी, वर पाचटाचं छप्पर, एका टोकाला पाण्याच्या टाक्या आणि दुसऱ्या टोकाला कडब्याची भलीमोठी गंजी. आठ एप्रिलला दिवेलागणीच्या वेळी ही गंजी पेटली. ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि स्टेशन डायरीत वेळ लिहिली अठरा पंचावन्न, म्हणजे सायंकाळचे सात वाजायला पाच कमी. फोन करणाऱ्याने सांगितलं, आग लागून दहा मिनिटं झाली. संध्याकाळचा टँकर पावणेसातला छावणीत शिरला, तेव्हाच पहिला जाळ दिसला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धी छावणी उजेडाने पिवळी झालेली होती. एक म्हातारा शेतकरी दावणीच्या टोकाला ताप येऊन पडलेला होता. तो उठला आणि पळून जाण्याऐवजी विळ्याने जनावरांची दावी कापत सुटला. अकरा जनावरं त्याने मोकळी केली. बाराव्याच्या वेळी छप्पर त्याच्या अंगावर आलं. बीडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला आणि जळिताचा गुन्हा सदोष मनुष्यवधाचा झाला.

आग कुणी लावली याची खबर मात्र त्याच्या आधीच, आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली होती. गंजीचा राखणदार स्वतः ठाण्यात आला. पन्नाशीचा, अबोल, कपाळाला बुक्का. म्हणाला, "सायेब, म्या डोळ्यानं बघितलंय. दिवेलागणीला गंजीमागून पळत गेला." त्याने ज्या माणसाचं नाव घेतलं, ते छावणीत सगळ्यांच्या तोंडी आधीपासूनच होतं.

हा माणूस राखणदाराच्याच गावचा. ऊसतोड मजूर, एका म्हशीचा धनी. छावणीच्या यादीत त्याचं नाव लागलं नव्हतं, म्हणून म्हैस दारातून परत पाठवली गेली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी तो सगळ्यांदेखत ओरडला होता, "एक दिवस ही गंजीच पेटंल, मग बसा कडबा मोजीत!" हे वाक्य साठ माणसांनी ऐकलं होतं. तो बौद्ध वस्तीतला होता. हे एरवी सांगायची गरज नव्हती, पण त्याच्यावरचा आरोप सगळ्यांना इतक्या चटकन पटला, त्यात या गोष्टीचा वाटा होता. सगळ्यांत मीही आलो.

मी त्याला घरून उचलला. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली, पुढे ती एकदा वाढवूनही मिळाली. चौकशी मीच करत होतो. हात उगारला नाही, पण दिवसभर उभं ठेवलं. तेच प्रश्न उलटसुलट विचारले. पोलिसाची ही जुनी रीत आहे. खोटं बोलणाऱ्याला वेळा सांभाळता येत नाहीत, म्हणून वेळेवर बोट ठेवायचं.

"आठ तारखेला संध्याकाळी साडेसहा ते सात कुठं होतास?"

"डेरीवर गेलतो सायेब, दूध घालाया."

"किती वाजता?"

तो म्हणायचा, "आता घड्याळ कुटं हाय मपल्याकडं?"

"अंदाजाने सांग."

"पाच... साडेपाच असतील. न्हाई तर सात."

पाच की सात? दोन तासांचा फरक ज्याच्या तोंडात सहज येतो, तो माझ्या लेखी खोटारडा होता.

त्याची बायको रोज सकाळी भाकरीचं फडकं घेऊन चालत यायची आणि ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून राहायची. रडणं नाही, पाया पडणं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि कमरेच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढून समोर ठेवली. गावच्या दूध संकलन केंद्रावर मशीन बसलं होतं. दूध घातलं की त्यातून छापील चिठ्ठी निघे. ही चिठ्ठी त्या मशीनचीच होती, पण कोरी. घामाने आणि उन्हाने अक्षरं पार उडून गेली होती.

"ही त्याच सांजची हाय. त्येच्या सदऱ्याच्या खिशात गावली."

मी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. आज सांगायला लाज वाटते, पण मी हसलो. म्हणालो, "काय लिहिलंय हिच्यावर? वाचून दाखव."

ती शांतपणे म्हणाली, "मला वाचता येत न्हाई सायेब. म्हनून तर तुमच्याकडं आनली."

या उत्तराने मी जरा वरमलो आणि दूध केंद्रावर गेलो. हे केंद्र छावणीपासून चार किलोमीटरवर. तो खरंच पावणेसातच्या सुमाराला तिथं असेल, तर छावणीत असू शकत नव्हता. केंद्राचा सचिव हा गावातलाच, सरळ पण भित्रा माणूस. म्हणाला, "येतो तो रोज. आता त्याच दिशी आला का न्हाई, शपथेवर कसं सांगू? साठ-सत्तर माणसांची रांग असती. मशीन आल्यापासून वही बंदच केलीया. ह्याच्यात इचारा, ह्याच्यात समदं हाय." त्याने संगणकावर हात ठेवला.

एरवी त्या संगणकाला कोणी काही विचारत नसे. दूध घातलं की तो नोंद करी आणि चिठ्ठी काढी. मागची नोंद शोधायची तर सभासदाचा क्रमांक आणि तारीख द्यायची. तपासाचं काम आहे, म्हणून मी आधी यंत्राचीच परीक्षा घेतली. त्या दिवशी पंधरा तारीख होती. चौदा तारीख आणि सचिवाचा स्वतःचा क्रमांक घातला. त्याचं नाव लगेच समोर आलं. म्हटलं, यंत्र खरं बोलतंय. मग आरोपीचा क्रमांक घातला आणि पुढे लिहिलं ०८/०४. पडद्यावर उत्तर आलं: 'नोंद आढळली नाही.'

मी दोनदा, तीनदा घातलं. तेच उत्तर. दोन पंच बोलावून पंचनामा केला, सह्या घेतल्या. परत येताना जीपमध्ये मी खुशीत होतो. माणूस फितूर होतो, यंत्र होत नाही, असं काहीतरी ड्रायव्हरला ऐकवलंही.

आरोपीला हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, तसं मी क्वचितच कुणाला पाहताना पाहिलंय. त्यात राग नव्हता. आपण त्या सांजेला खरंच गेलो होतो का, असा त्याचा त्यालाच प्रश्न पडला होता. त्या दिवसापासून तो बोलायचाच थांबला.

एकवीस तारखेला कोठडी संपणार होती. त्यानंतर त्याची रवानगी जेलमध्ये, माझं दोषारोपपत्र, आणि पुढे वर्षानुवर्षं तारखा. कागद पक्का करायचा म्हणून त्या नोंदीची छापील प्रत हवी होती. छपाईचं यंत्र घेऊन जिल्ह्याहून बिनतारी विभागाचा एक जमादार आला. मूळचा लिंबागणेशचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, चष्मा दोऱ्याने बांधलेला. आयुष्यभर बिनतारी संदेश लिहिलेला माणूस. संदेश कधी निघाला आणि कधी पोहोचला, हे मिनिटासकट लिहिणं हाच त्याचा धर्म. वीस तारखेला दुपारी चारच्या सुमाराला आम्ही केंद्रावर गेलो. आरोपीची बायकोही मागोमाग येऊन दाराशी उभी राहिली. मी हाकललं नाही. कदाचित तिनेही एकदा डोळ्याने पाहावं असं वाटलं असेल.

जमादाराने नोंद शोधली. 'आढळली नाही.' तो प्रत काढील म्हणून मी वाट बघतोय, तर तो खुर्चीत मागे रेलून बसला.

"सायेब, एकट्याचीच कावून शोधायची? त्या दिशीचं आख्खं गाव काढू."

त्याने सभासदाचा रकाना मोकळा सोडला आणि नुसती तारीख घातली. 'नोंद आढळली नाही.'

"म्हंजी आठ तारखेला गावात कुणीच दूध घातलं न्हाई?"

सचिव दचकला. "आसं कसं? दुष्काळ आसला तरी म्हशी काय उपास धरीत न्हाईत."

जमादाराने नऊ तारीख घातली. काही नाही. दहा, अकरा, बारा. काही नाही. तेरा घातली आणि धबधबा सुटावा तशी नावं पडद्यावर उतरू लागली. चौदा, पंधरा, सगळं जागच्या जागी. मग तो उलटा गेला. तीन तारीख घातली, तर नावं आली, पण सचिव पुढे वाकून म्हणाला, "हे एप्रिलचं न्हाई. एवढं दूध आता कुटं? हे मार्चमधलं वाटतंय."

जमादार काही क्षण बोटं मोजत राहिला. मग चष्मा वर सरकवून हसला. "बारापर्यंत गोंधळ, तेरापासून बराबर. बारा म्हनलं की महिने, सायेब. ह्ये मशीन आधी महिना वाचतंय अन् मग दिवस. तुमी आठ एप्रिल इचारलं, त्येनं चार ऑगस्ट शोधलं. ऑगस्ट अजून उजाडायचाय. तीन एप्रिल म्हनलं, तर त्येनं चार मार्च काढून दिला. अन् तेरा म्हनलं की त्येला कळतं, तेरावा महिना न्हाई, मग मुकाट उलटं करून घेतंय. दुष्काळात तेरावा महिना म्हंत्यात आपल्यात. ह्या गड्याला तेरावा महिना ठावकीच न्हाई!"

मी यंत्राची परीक्षा घेतली होती ती चौदा तारखेवर. पाच ते बारामधली एखादी तारीख घालून पाहिली असती, तर तेव्हाच कळलं असतं.

जमादाराने आकडे उलटे घातले, ०४/०८. आणि आठ एप्रिलचा अख्खा दिवस समोर उभा राहिला.

ते दृश्य मी शब्दांत कसं सांगू? पोलिसाला माहिती नेहमी फाटकी, तुकड्यातुकड्यांत मिळते. कुणी अर्धं विसरलेलं, कुणी वाढवून सांगितलेलं. इथे एका गावाचा एक दिवस जसाच्या तसा पडून होता. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक लांब आकडा. जमादाराने बोट ठेवून दाखवलं: आधी साल, मग महिना, मग दिवस, मग तास, मग मिनिट आणि शेवटी सभासदाचा क्रमांक, सगळं एकाला एक चिकटवलेलं. "ही त्येची किल्ली. दोन नोंदींची किल्ली कदी येकसारखी नसती, म्हनून कुनाचं दूध कुनाच्या नावावर जात न्हाई," तो म्हणाला. मी थक्क होऊन बघत राहिलो. कुणाचं पाव लिटर, कुणाचं अर्धा. एका म्हातारीचं तर पेलाभरच, पण सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस चुकलेला नाही. जमादाराने मार्चपासून एप्रिलपर्यंतचे दिवस एकामागून एक सरकवले, तसं दूध माझ्या डोळ्यांदेखत आटत गेलं आणि माणसं मात्र तेवढीच राहिली. दुष्काळाचे पंचनामे मी पुष्कळ वाचले होते. दुष्काळ पाहिला तो त्या पत्र्याच्या खोलीत. एवढं सगळं तिथेच, आमच्या नाकासमोर होतं, आणि मी 'आढळली नाही' यावर सही करून मोकळा झालो होतो.

आरोपीचं नाव होतं. आठ एप्रिल, दुसरी खेप. दूध एक लिटरला थोडं कमी. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. कारण पुढची वेळ होती तेरा बारा. दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

दुपारी एकला दूध घालून गेलेला माणूस पावणेसातला गंजीपाशी खुशाल असू शकतो. मी दाराकडे वळून म्हणालो, "नोंद सापडली, बाई. पण तुझा नवरा दुपारी एकलाच दूध घालून गेलाय. संध्याकाळी तो मोकळाच होता."

ती आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"दुपारी एकला? दुपारी एकला कोन म्हस पिळतंय सायेब? म्हस काय तुमचं घड्याळ बघून पान्हा सोडती व्हय? सकाळच्याला दिस उगवायला पिळायची अन् सांजच्याला दिस बुडताना. मधी पिळाया गेलं तर लाथ घालती. आमच्याच म्हशीची वेळ बगू नका, समद्या गावाची बगा. लई शानं मशीन हाय ना तुमचं? त्येला इचारा, ह्या गावात दुपारी एकला दूध कुनाकुनाचं आलं."

जमादार खाली बघत होता. त्याने मान वर केली ती संगणकाकडेच. गावातल्या सगळ्यांच्या वेळा त्याने उतरत्या क्रमाने लावल्या. सगळं गाव दुपारी साडेबारा ते दीडच्या मध्ये दूध घालत होतं. आणि सकाळचं दूध? रात्री साडेबारा ते दीड. रोज. महिनोन् महिने.

"आस्सं," जमादार पुटपुटला. मग सचिवाला विचारलं, "ह्याच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत बघा."

सचिवाने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. "साडेअकरा. ते पहिल्यापासून तसंच हाय. आमी कशाला बघतोय त्येच्याकडं? आमी सूर्य बघतो."

माझ्या मनगटावर पाच वाजले होते. साडेपाच तासांचा फरक. बिनतारी विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला तो आकडा पाठ होता. बिनतारीत जगाची प्रमाण वेळ म्हणून धरतात, ते विलायतेतलं घड्याळ आपल्यापेक्षा इतकंच मागे चालतं. संगणक जिथून आला, तिथली वेळ तशीच त्याच्या पोटात राहिली होती. तेरा बारामध्ये साडेपाच तास मिळवले की अठरा बेचाळीस. सायंकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटं. टँकर छावणीत शिरला आणि जाळ दिसला, त्याच्या तीन मिनिटं आधी हा माणूस चार किलोमीटरवर दुधाचं भांडं रिकामं करत होता.

मी त्या बाईकडे पाहिलं. हिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. घड्याळ घरात नव्हतं. आणि जिल्ह्याच्या पोलिसांना, परदेशी यंत्राला, कुणालाच न दिसलेली गोष्ट हिने एका वाक्यात समोर ठेवली होती. आदर वाटणं, अचंबा वाटणं हे शब्द मला तिथे अपुरे वाटले.

अंदाजावर माणूस सोडता येत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी मी घड्याळाचा पंचनामा केला. असा पंचनामा त्याआधी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. दोन पंच, जमादार, सचिव आणि मी, असे रांगेच्या तोंडाशी उभे राहिलो. पहिलं भांडं ओतलं गेलं तेव्हा पंचांच्या घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि यंत्रात बारा वाजून पस्तीस. शेवटच्या भांड्यापर्यंत तोच फरक. एकदाही मिनिटाची चूक नाही. रांगेतली माणसं आमच्याकडे बघून हसत होती. एक आजोबा म्हणाले, "सायेब, दूध मोजायचं सोडून टाइम काय मोजताव?"

छापील प्रत हातात घेऊन आरोपीच्या नोंदीखाली रेघ मारत होतो, तेवढ्यात लगेच खालच्या ओळीवर नजर गेली. पुढचा सभासद, तेरा चौदा. म्हणजे सायंकाळी सहा चव्वेचाळीस. ते नाव आमच्या राखणदाराचं होतं.

मी पुन्हा वाचलं. ज्या माणसाने जबाब दिला होता की दिवेलागणीला मी गंजीपाशी होतो आणि आरोपीला पळताना डोळ्याने पाहिलं, तो त्याच वेळी रांगेत त्याच आरोपीच्या मागे उभा होता. साक्षीदार कोण, हे मी आरोपीला कधी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदाराला बोलावलं. धाक नाही, दरडावणं नाही. पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "सांजच्या वेळी तुमची म्हैस कोण पिळतं?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने तांब्या तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "मीच. दुसऱ्या कुनाच्या हाताला यीत न्हाई ती. वेळ टळली तर पान्हा चोरती." आणि मग बांध फुटला. राखणीची जागा सोडून तो रोज सायकलवर तासभर गावात जायचा. त्या दिवशी चहा केलेली तीन दगडांची चूल पुरी विझवली नव्हती. वारं सुटलं. परत येतो तर गंजी पेटलेली. "मपल्या हातानं म्हातारबा गेले सायेब. त्यांच्याच ताटात म्या भाकर खायचो." जागा सोडल्याचं कळलं असतं तर संस्थेने हाकललं असतं आणि छावणीत बांधलेले त्याचे बैलही परत पाठवले असते. म्हणून ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, तेच त्याने घेतलं.

त्याच्यावर हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा चालला. मला त्याची चीड आली आणि कीवही. म्हैस पिळायच्या ज्या वेळेने एकाला सोडवलं, त्याच वेळेने दुसऱ्याला पायात पाय घालून पाडलं होतं. पहिल्या आरोपीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी त्याच दिवशी न्यायालयात दिला आणि त्याची सुटका झाली.

या केसने मला काय शिकवलं, ते सांगतो. माहिती हरवलेली नसते. ज्याने ती ठेवली, त्याने ती आपल्या पद्धतीने ठेवलेली असते, आणि आपण आपल्याच पद्धतीने मागत बसतो. यंत्राने महिना आधी ठेवला होता, मी दिवस आधी मागितला. माणसांचंही असंच. एकाच्या डोक्यात दिवस बाजाराच्या वारावर टांगलेले असतात, दुसऱ्याच्या अमावास्येवर, तिसऱ्याच्या टँकरच्या खेपेवर. त्यानंतरच्या साऱ्या नोकरीत मी साक्षीदाराला 'किती वाजता' हा प्रश्न पहिला कधी विचारला नाही. 'तेव्हा तुम्ही काय करत होता?' इथून सुरुवात केली. लोक जी वेळ सांगत, ती ऐकून मी पुनःपुन्हा चकित झालो, इतकी ती नेमकी निघायची.

सुटकेच्या दिवशीची एक गोष्ट मात्र मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. त्याच्या वस्तू परत देऊन झाल्या होत्या. बायको लिंबाखाली उभी होती. मी त्याला म्हणालो, "दादा, माझी चूक झाली. पण तुम्ही आधीच का नाही सांगितलं, की म्हैस पिळून लगेच गेलो होतो, दिवस बुडत होता?"

तो म्हणाला, "सांगितलं होतं की सायेब. पैल्याच दिशी. तुमी इचारलं किती वाजता, म्या म्हनलं म्हस पिळून निघालतो, डेरीवर पोचलो तवा सूर्य नुसता टेकला होता. तुमी म्हनले, ते राहू दे, वाजले किती ते सांग."

तो गेल्यावर मी केस डायरी उघडली. पहिल्या दिवसाचं पान काढलं. सूर्य नव्हता, म्हैसही नव्हती. माझ्याच अक्षरात, खाली माझ्याच सहीसकट लिहिलं होतं: 'आरोपी वेळ सांगू शकत नाही.'